मदत हवी आहे : क्लोन जवानांचं गाव कोणतं धरायचं?

साताऱ्यात राहतो, दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहितोय. अपशिंगे मिलिटरी या आमच्या जिल्ह्यातल्या फौजी परंपरेच्या गावातल्या एका काल्पनिक सुभेदाराच्या पेशींपासून शेकडो जवान तयार झालेत. पण त्यांचं गाव, कुलदैवत कोणतं? इथे घोडं अडलंय.

'स्टार वॉर्स' पाहून झालं. तिथे मूळ माणूस जँगो फेट; त्याचे क्लोन कामिनो नावाच्या ग्रहावर वाढतात, तेही दुप्पट वेगाने. जँगोची मँडलोरियन, म्हणजे तिथल्या एका लढवय्या समाजाची, परंपरा त्यांना आपसूक मिळत नाही. ते नंबराऐवजी टोपणनावं घेतात, हेल्मेट रंगवतात, केस वेगवेगळे कापतात. म्हणजे ओळख रक्तातून नाही, पलटणीतून. हे मला पटतं. पण माझ्या कथेत गाव जवळच आहे आणि सुभेदाराची आई जिवंत आहे! जत्रेत मानाचा नारळ या क्लोन जवानांच्या हातात द्यायचा का, हे म्हातारी ठरवणार.

क्लोनिंगचं शास्त्र नको, ते जमतंय. आठवणी मेंदूत भरायची युक्तीही नको, फारच सोयीची आहे. मराठा लाइट इन्फंट्रीची शिवाजी महाराजांच्या जयजयकाराची घोषणा आणि बेळगावचं सेंटर धरलंय.

फौजेतल्या मंडळींना खास विचारतो : ज्या जवानाला सुट्टीत जायला घरच नाही, तो पलटणीतली कोणती गोष्ट 'आपली' म्हणेल?