पापणीच्या कडेवरची पाणीदार गाठ नेमकी कशातून उद्भवते?

प्रश्न
माझ्या आईच्या (वय ६१) खालच्या पापणीच्या कडेला, नाकाच्या बाजूस, ज्वारीच्या दाण्याएवढी निळसर, अर्धपारदर्शक गाठ आली आहे. ती दुखत नाही आणि लालही नाही. शेजारपाजारच्यांनी ती रांजणवाडीच ठरवून टाकली, परंतु शेकूनही काही फरक पडला नाही. नेत्रतज्ज्ञांनी ‘साधी सिस्ट (अस्तर असलेली, स्रावाने भरलेली पिशवी) आहे, घाई नाही’ एवढेच सांगितले. अशी गाठ कशापासून तयार होते आणि सुईने पाणी काढून भागेल का?

प्रतिसाद १
वर्णनावरून ही मोल ग्रंथीची सिस्ट असावी, अर्थात खात्री तपासणाराच देऊ शकेल. पापणीच्या केसांच्या मुळांशी घर्मग्रंथींचाच एक वेगळा प्रकार असतो, त्याला याकोब मोल या डच नेत्रतज्ज्ञाचे नाव मिळाले आहे. नलिका तुंबून स्राव साठतो, हे नेहमीचे स्पष्टीकरण. मात्र या प्रकारात स्रवणाऱ्या पेशींचीच सौम्य वाढ झालेली असते, असेही मानले जाते. आतला द्रव पातळ असल्याने बारीक टॉर्च लावल्यास उजेड आरपार दिसतो. शेजारच्याच झाइस ग्रंथीची सिस्ट पिवळसर दिसते, कारण तिच्यात तेलकट स्राव असतो आणि तिच्यातून उजेड जात नाही. भुवईच्या बाहेरच्या टोकाशी लहानपणापासून असलेली गाठ बहुधा डर्मॉइड असते. गर्भावस्थेत हाडांच्या सांध्यापाशी त्वचेचा अंश अडकून ती तयार होते.

प्रतिसाद २
रांजणवाडी हा जंतुसंसर्ग आहे, त्यामुळे ती दुखते. पापणीच्या आतल्या मायबोमियन ग्रंथींचे तेल अडकून होणारी कॅलॅझियनची गाठ काटेकोरपणे सिस्ट नव्हेच, कारण तिला पेशींचे अस्तर नसते. शेकाने तेथे घट्ट तेल सैल होते; पाणीदार गाठीत सैल होण्यासारखे काही नसते.

प्रतिसाद ३
सुईने गाठ बसते खरी, परंतु अस्तर मागे राहिल्याने ती बहुधा पुन्हा भरते. त्रास होत असेल, तर जागा बधिर करून अस्तरासह काढणे हाच पक्का उपाय. नाकाच्या बाजूला अश्रुनलिकेचे तोंड जवळ असल्याने हे काम पापण्यांच्या शस्त्रक्रियेत मुरलेल्या डॉक्टरांकडेच द्यावे. गाठीवरचे केस गळू लागले, व्रण पडला, रक्त आले किंवा त्याच जागी गाठ पुन्हा उद्भवली, तर मात्र थांबू नये. भारतात पापणीच्या कर्करोगांत मेदग्रंथींच्या (तेल स्रवणाऱ्या ग्रंथींच्या) कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच जास्त आहे आणि तो सुरुवातीला कॅलॅझियनसारखाच दिसतो. म्हणून काढलेली गाठ कितीही निरुपद्रवी वाटली, तरी ती बायोप्सीसाठी पाठवण्याचा आग्रह धरावा.