विमानांचा रेडिओ ऐकायला घरावर अँटेना नेमका कुठे लावावा? (फोंडा तालुका)

कुळागरकर

नमस्कार मंडळी. घर म्हार्दोळजवळ. पुढचा भाग कौलारू, मागे स्लॅब आणि पावसासाठी स्लॅबवर पूर्ण पत्रा मारलेला. माडीवरच्या खोलीत लॅपटॉपला आरटीएल-एसडीआर डोंगल (लॅपटॉपवर रेडिओ ऐकवणारं छोटं यंत्र) जोडलंय. त्याच्याबरोबर आलेला छोटा टेलिस्कोपिक अँटेना खिडकीच्या गजांजवळ उभा केलाय. वरून जाणारी विमानं छान ऐकू येतात. पण दाबोळीला उतरणारं विमान खाली आलं की आवाज तुटतो, आणि विमानतळाच्या टॉवरचं बोलणं खरखरीत बुडून जातं. पश्चिमेला, म्हणजे नेमकं दाबोळीच्या बाजूला, टेकडी आहे. बाकी तिन्ही बाजूंना माड-पोफळी.

उंच पाइप उभारावा का? आमचा नारळ काढणारा पाडेली म्हणतो, सांगाल त्या माडाच्या शेंड्याला बांधून देतो. खर्च चार-पाच हजारांच्या आत बसावा आणि काम मृगाच्या आधी उरकावं, एवढीच इच्छा. परवानगीचं काम रीतसर केलेलं आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही.

सड्यावरून

माडाचा विचार सोडून द्या. वाऱ्यात शेंडा हलत राहतो, केबल घासून तुटते, आणि मे महिन्यात नि ऑक्टोबरात आपल्याकडे वीज सगळ्यात आधी माडावरच पडते. त्याच केबलचं दुसरं टोक तुमच्या लॅपटॉपला असणार.

उंचीबद्दल थोडा हिशेब मांडतो, कारण पैसे तिथेच वाया जातात. रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये काढायचं तर उंचीच्या मीटरचं वर्गमूळ घ्या आणि ४.१२ ने गुणा. विमानाचं आणि अँटेनाचं अंतर वेगवेगळं काढून बेरीज करा. दहा हजार मीटरवरच्या विमानाचे एकट्याचे ४१२ किमी होतात. तुमचा अँटेना ४ मीटरवर असेल तर त्यात ८ ची भर, ९ मीटरवर नेलात तर १२ ची. म्हणजे पाच मीटर पाइपचा सगळा खर्च चार किलोमीटरसाठी.

तुमची अडचण क्षितिज नाही, टेकडी आहे. समजा ती अर्ध्या किलोमीटरवर आहे आणि तुमच्या अँटेनापेक्षा ६० मीटर उंच. मग वीस किलोमीटरवरचं विमान साधारण २४०० मीटरच्या खाली आलं की टेकडीआड गेलं. अँटेना पाच मीटर वर घ्या, तो आकडा २२०० होईल. बस्स, एवढाच फरक. टेकडीवरून वळून थोडा सिग्नल येतो, म्हणून टॉवर पुसटसा लागतो, पण मोबाइलसारखा खणखणीत तो तुमच्या घरी कधी येणार नाही. हे आधीच मान्य केलंत तर पुढची कामं नीट सुचतील.

जुवारीकाठ

वरच्याशी सहमत, पण त्यामुळे अँटेना आतच ठेवा असा अर्थ कुणी काढू नये. आत्ता तो पत्र्याखाली आणि गजांना लागून आहे. विमानाचा रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे तरंगलांबी सव्वादोन-अडीच मीटर. गजांच्या फटी तिच्यापुढे फारच बारीक पडतात, आणि वर पत्रा. शिवाय घरातल्या प्रत्येक चार्जरचा कचरा त्याच्या अंगाशी.

तोच अँटेना पत्र्याच्या वर गेला की पत्रा मदतीला येतो. पत्र्याच्या साधारण मध्यावर पाव तरंगलांबीची उभी काडी लावली की खालचा धातू तिचा ग्राउंड प्लेन, म्हणजे अँटेनाचा खालचा अर्धा भाग बनतो. पत्र्याला भोक पाडायचं नसेल तर मजबूत लोखंडी अँगलवर दीड-दोन मीटरचा पाइप घ्या आणि त्याच्या टोकावर खाली झुकलेल्या चार काड्यांचा ग्राउंड प्लेन बसवा. १२७ मेगाहर्ट्झ मध्य धरला तर काडी सुमारे ५६ सेंटीमीटर. केबल जोडायला एक एसओ-२३९ सॉकेट, पाच पितळी काड्या, वर उभी एक, खाली ४५ अंशांत चार. तेवढ्या झुकावाने इम्पिडन्स (केबलशी जुळायला लागणारा विद्युत रोध) ५० ओहमच्या आसपास येतो. फोंड्यातला कुठलाही वेल्डर तासाभरात करून देईल. काडी उभीच हवी, कारण विमानांचं प्रसारण व्हर्टिकल पोलरायझेशनचं, म्हणजे उभ्या लहरींचं असतं. टीव्हीचा जुना आडवा अँटेना त्यामुळे इथे निरुपयोगी. एकाच दिशेचं ऐकणारा यागी अँटेनाही नको, विमानं चारी बाजूंनी येतात.

पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडपासून मात्र मीटरभर तरी लांब राहा.

सुंगटा_हुमण

केबलचं कुणी बोललंच नाही. दुकानदार आरजी-५८ जातीची केबल गळ्यात मारतो. १३० मेगाहर्ट्झला तिच्यात वीस मीटरमागे तीन-चार डीबी, म्हणजे निम्मा किंवा जास्तच सिग्नल जातो. डिश टीव्हीवाल्याची साधी आरजी-६ घ्या, निम्म्याने नुकसान आणि किंमतही कमी. ती ७५ ओहमची म्हणून लोक घाबरतात, पण ५० आणि ७५ च्या जोडात पाव डीबीसुद्धा जात नाही. पुढे कधी एडीएस-बी (विमान स्वतःची जागा कळवतं तो सिग्नल) बघायचं ठरवलंत तर १०९० मेगाहर्ट्झला आरजी-५८ वीस मीटरमध्ये दहाहून जास्त डीबी खाते. तिथे तर आरजी-५८ नकोच, आणि पानांचा अडथळाही त्या फ्रिक्वेन्सीला खूप जास्त.

प्रीअँप्लिफायर (सिग्नल मोठा करणारा डबा) आत्ता घेऊ नका. एफएमचे जवळचे ट्रान्समीटर डोंगलला आधीच दडपत असतील, अँप्लिफायर त्यांनाही मोठं करेल. आधी ८८ ते १०८ अडवणारा एफएम फिल्टर लावून बघा.

कुळागरकर

फार उपयोगी माहिती, सगळ्यांचे आभार. एक विचारतो. खरखर घरातली की बाहेरची, हे ओळखायचं कसं? रात्री ती वाढते.

जुवारीकाठ

लॅपटॉप बॅटरीवर घ्या, पडद्यावरचा नॉइज किती आहे तो बघून ठेवा आणि घरचा मेन स्विच पाडा. इन्व्हर्टरसुद्धा बंद करायला विसरू नका, बहुतेक जण तिथेच चुकतात. नॉइज खाली उतरला तर गुन्हेगार तुमच्याच घरात. मग एकेक एमसीबी चढवत जा. बहुतेक वेळा स्वस्त एलईडी बल्ब, वायफायचा अडॅप्टर किंवा सोलरचा इन्व्हर्टर सापडतो. काहीच फरक पडला नाही तर शेजार किंवा रस्त्यावरचा दिवा. रात्री वाढते म्हणता, तेव्हा मला एलईडीचा संशय जास्त.

हे अँटेना वर नेण्याआधी कराच. एका बल्बची बदली काही घरांत पाइपापेक्षा जास्त फरक पाडते.

मावशी_पेडणे

आमच्या बाजूला मोपा विमानतळाची विमानं खूप खाली असतात, त्यामुळे मला टेकडीचा त्रास नाही. पण पावसाचा अनुभव सांगते. पहिल्याच पावसाळ्यात कनेक्टरमधून पाणी केबलच्या आत झिरपतं, आणि अँटेना बिघडला असं वाटून माणूस नवा घ्यायला निघतो. कनेक्टर खालच्या तोंडाने ठेवा. त्यावर आधी स्वतःत चिकटणारा रबर टेप ताणून गुंडाळा, वर काळा इन्सुलेशन टेप. नुसता एम-सील लावलात तर उन्हात तडकतो आणि पुढच्या वर्षी कनेक्टर कापूनच काढावा लागतो. केबल भिंतीत शिरण्याआधी खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल.

पाइपाला अर्थिंग स्वतंत्र, जाड तांब्याच्या तारेने. आणि गडगडाट कानावर आला की केबल डोंगलमधून काढून खिडकीबाहेर टाकायची. अर्थिंग आहे म्हणून थांबू नये.

सड्यावरून

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: परवान्याशिवाय वायरलेस यंत्र बाळगण्यावर आपल्या देशात १९३३ च्या कायद्यापासून बंधन आहे, आणि हॅमचा (हौशी रेडिओचा) परवाना हॅमच्या पट्ट्यांपुरताच. शंका असेल तर दूरसंचार खात्याच्या, रेडिओचे परवाने बघणाऱ्या डब्ल्यूपीसी शाखेला लेखी विचारा. दाबोळी हा नौदलाचा आयएनएस हंसा तळ आहे. ऐकलेलं रेकॉर्ड करून कुठेही टाकू नका.

कुळागरकर

कळवतो. मेन पाडल्यावर खरखर निम्म्याहून कमी झाली. जिन्यातले दोन एलईडी बल्ब निघाले, ते बदलले. अँटेना पत्र्यावर दीड मीटरच्या पाइपवर बसवला, काड्या पितळीच, केबल आरजी-६. विमानाच्या बाजूचं बोलणं आता उतरण्याच्या बऱ्याच नंतरच्या टप्प्यापर्यंत कळतं. टॉवर अजून पुसटच आहे, पण शब्द लागतात. एफएम फिल्टर मागवलाय.

सुंगटा_हुमण

फिल्टर आला की तो डोंगलच्या अगदी तोंडाशी लावा आणि डोंगलचा गेन (सिग्नल वाढवायची सेटिंग) आत्ता आहे त्यापेक्षा वर नेऊन बघा. टॉवरचा जो काही सिग्नल टेकडीवरून येतोय, तो तेव्हा थोडा आणखी उघडेल.