'एंट्री मशिनवर मारा': सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

परवा आईचं पासबुक भरायला बँकेत गेलो. काऊंटरवर दोन माणसं मोकळी होती, तरी एकानं मान वर न करता बोटानं बाहेर दाखवलं, "एंट्री मशिनवर मारा." व्हरांड्यात मशिन, त्याच्यापुढं अकरा माणसं, बारावा मी. पासबुक आत सरकवायचं. मागचा बारकोड त्याला दिसला तर खरखर सुरू होते, नाही दिसला तर तोंडावर परत. आईचं पासबुक गेली सहा वर्षं गादीखाली आहे, त्याला भाकरीसारखा बाक आलाय. तीनदा परत आलं. चौथ्यांदा घेतलं आणि छापलं ते आधीच्याच ओळींवर. पेन्शन कुठली, व्याज कुठलं, काही लागेना. आत जाऊन दाखवलं तर म्हणे नवीन पासबुकासाठी अर्ज करा. तो अर्ज मात्र काऊंटरवरच घेतात!

मशिनशी माझं वैर नाही. मी स्वतः शेवटचा चेक कधी लिहिला ते आठवत नाही. पण आतला पगारी माणूस करायचा ते काम आता आपण करतो, आणि आपल्याला जमलं नाही की दारावरचा वॉचमन करतो. परवासुद्धा आईचं पासबुक शेवटी त्यानंच दाबून सपाट करून दिलं. तुमच्याकडं काय चाललंय? घडलेलं लिहा. बँकेचं नाव नको, स्वतःचंही नको, भाग लिहिला तरी पुरे.

विडी घरकुल

आमची अम्मा चाळीस वर्षं विड्या वळते. घरी तेलुगू, बाहेर मराठी, दोन्ही फडाफडा बोलते. वाचायला एकही येत नाही. लाडकी बहीणचे पैसे यायला लागले तेव्हा मी तिला एटीएम शिकवलं. तिनं ते जागेवरनं पाठ केलं. उजवीकडची दुसरी कळ, मग खालची, मग चार आकडे, मग परत उजवीकडची पहिली. सुपात पानं कापता कापता पुटपुटायची. दीड वर्ष एकटी जाऊन पंधराशे काढून आणले, मला बरोबर येऊ द्यायची नाही. त्याचा तिला तोरा होता.

एका सोमवारी रिकाम्या हातानं परत आली. मशिनचा पडदा बदलला होता. नवे रंग, नवी चित्रं, आणि पैसे काढायची कळ डावीकडं गेलेली. अम्मानं आपल्या हिशोबानं उजवीकडची दुसरी दाबली, तर भलतंच काहीतरी उघडलं. घाबरून तीनदा चुकीचा पिन मारला, कार्ड त्या दिवसापुरतं बंद.

मग अंगठा लावून पैसे देणाऱ्या दुकानात नेलं. विडीच्या पानानं बोटं इतकी गुळगुळीत झालीत की उमटतच नाहीत. दहाही बोटं लावून झाली. दुकानदार म्हणाला, तेल लावून बघा, पुसा, परत लावा. तीन खेपा झाल्या. आणि ते एटीएम भाषा विचारतं तेव्हा मराठी, हिंदी, इंग्रजी. पूर्व भागातलं मशिन आहे हो हे, इथं निम्मी गल्ली तेलुगूत भांडते!

आता ती माझ्याबरोबर जाते. पैसे मिळतात. तोरा गेला.

जुळे सोलापूर

आमच्या इथल्या एटीएमचा एसी चालू असतो. मे महिन्यात मी नुसती शिल्लक बघायला जातो. वॉचमन म्हणाला, काका, महिन्यात पाचच वेळा फुकट आहे, पुढच्या गारव्याचे पैसे कापतील.

मोहोळ तालुका

कांदा घेऊन मार्केट यार्डात आलतो. पट्टीचे पैसे खात्यात आले, पण टेम्पोवाल्याला रोख पायजे होते. यार्डाजवळच्या एटीएमात दहा हजाराचा आकडा टाकला. आत नोटा मोजल्याचा फरफर आवाज आला, झाकण उघडतंय म्हणून हात पुढं केला, आणि झाकण उघडलंच नाही. पावतीबी नाही. मोबाईलवर मात्र मेसेज हजर, दहा हजार वजा.

शेजारीच शाखा होती, आत गेलो. मशिन आमचं आहे पण कार्ड आमचं नाही, तुमच्या बँकेत जा. आमच्या बँकेत गेलो, तर ते म्हणाले मशिन आमचं नाही, फोनवर तक्रार करा. फोनवर एक दाबा, दोन दाबा. टेम्पोवाला तवर माझ्या तोंडाकडं बघतोय.

भाचा शिकलेला आहे. त्यानं सांगितलं, मामा, रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. असे अडकलेले पैसे व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत परत आले पायजेत. नाही आले तर पुढच्या दर दिवसाला शंभर रुपये बँकेनं द्यायचे, तेबी आपण न मागता. माझे पैसे आले अकराव्या दिवशी. शंभराचं कुणी नाव काढंना. भाच्यानं लेखी अर्ज दिला, एटीएमच्या अंगावर जो नंबर असतो त्याचा फोटो मी काढला होता तो जोडला, तवा कुठं सहाशे जमा झाले. तो फोटो नसता तर हात हलवत बसलो असतो. पैसे निघाले नाहीत तर आधी तो नंबर फोटोत घ्या, मग शिव्या द्या.

नवी पेठ, कापड दुकान

मी उलटं लिहितो, मारू नका. माझं मशिनवर प्रेम आहे. पूर्वी गल्ला भरायला दुकानातला एक पोरगा अर्धा दिवस बँकेत उभा असायचा आणि उरलेला अर्धा दिवस कुठं असायचा ते देवाला माहीत. आता रात्री दहाला शटर ओढलं की मी स्वतः भरतो. नोटा ठेवल्या, मोजल्या, पावती हातात, घरी जेवायला.

तक्रार एकच. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत मेहुण्याचा भज्यांचा स्टॉल असतो. त्याच्या नोटा तुम्हाला वासावरनं ओळखता येतील. मशिननं बत्तीसमधल्या एकोणीस परत केल्या. बायकोनं वर्तमानपत्रात घालून इस्त्री फिरवली, तरी सात परत. आणि शंभराच्या खालची नोट तर ते मशिन घेतच नाही. भज्यांच्या धंद्यात शंभराची नोट असते किती? दहा-वीसच्या गड्ड्या आणि चिल्लरीची पिशवी घेऊन मेहुणा काऊंटरवर गेला, तर आतनं आवाज, "कॅश मशिनला भरा."

रेल्वे लाईन्स, निवृत्त कॅशियर

वरच्या भजीवाल्या मेहुण्यांना सांगा, काऊंटरवर रोकड घ्यायला बँकेला नाही म्हणता येत नाही, रिझर्व्ह बँकेनं तसं बजावलेलं आहे. चेकचंही तसंच. पेटी ठेवली असली तरी काऊंटरवर देऊन पोच मागितली तर द्यावीच लागते. भांडू नका, शांतपणे "लेखी द्या" एवढंच म्हणा.

मी १९८२ पासून छत्तीस वर्षं जाळीच्या आत बसलो. पितळी टोकन, ओल्या स्पंजची डबी, टाचणीनं भोकं पडलेल्या नोटा. मशिनआधीचा तो काळ फार गोड होता असं कुणाला वाटू नये म्हणून लिहितो. तेव्हा सही जरा वाकडी आली की आम्ही माणसाला परत पाठवायचो. दोनला काऊंटर बंद म्हणजे बंद, मग समोर बाळंतीण असो की म्हातारा. एका विडी कामगार बाईला मी एकदा तीन दिवस हेलपाटे घालायला लावले होते, अंगठ्याला साक्षीदार आणा म्हणून. साक्षीदार मीच झालो असतो तर चाललं असतं, ते मला ठाऊक होतं.

पण चौथ्या दिवशी मी तिला ओळखलं आणि काम केलं. मशिन ओळखत नाही, फरक तेवढाच.

नोव्हेंबर २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं होतं: ज्येष्ठांसाठी वेगळा काऊंटर, आणि सत्तरीच्या पुढच्यांना व अपंगांना रोकड, चेकबुक अशा सोयी घरपोच देण्याचा प्रयत्न. मी स्वतः ते फायलीला लावलं. काऊंटरची पाटीही लागली. पाटीखालची खुर्ची पुढं बाहेरच्या मशिनसमोर रांगेतल्या लोकांना बसायला नेली.

विजापूर रोड

मला दिसत नाही. १ जुलै २०१४ नंतर बसवलेलं प्रत्येक नवीन एटीएम बोलणारं आणि ब्रेलच्या कळांचं असावं असा आदेश आहे. कळा असतात. आवाज ऐकायला हेडफोनची पिन घालायची जी जागा, तिच्यात आमच्या इथं कुणीतरी सुपारी कोंबली आहे. दोन महिने झाले, मी बोटानं चाचपून बघतो, अजून आहे. पासबुकाचं मशिन तर मुकंच. म्हणून मी मोबाईलवर भागवतो, तो सगळं वाचून दाखवतो. रोख लागली की वॉचमनदादा.

एक वॉचमन (भाग लिहीत नाही)

भाचीनं हे सगळं वाचून दाखवलं, तिच्याकडनंच टाईप करून घेतोय. बारा तासाची ड्युटी. आम्ही बँकेचे नाही, एजन्सीचे. एजन्सीची सूचना अशी, कुणाच्या कार्डाला हात लावायचा नाही. आणि शाखेतले साहेब बाहेर बघून म्हणतात, जरा त्या आजींना मदत कर रे. मग मी काय करू बे?

पिन मला सांगू नका म्हणतो. आजी म्हणतात, तुला नाही सांगू तर कुणाला, आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगतात. नको असताना पाच-सहा जणांचे पिन माझ्या डोक्यात बसलेत. एका आजींचे पैसे गेले होते तवा पहिला संशय माझ्यावर. चार दिवस चौकीत चकरा. नंतर कळलं, नातवानं काढले होते. माफी मागायला कुणी आलं नाही, आजी आल्या, पेरू घेऊन. तेव्हापासून कुणी पिन मारायला लागलं की मी भिंतीकडं तोंड करून उभा राहतो. भिंतीवर हात लावून एक काळा डाग पडलाय, तो माझाच.

मशिन महिन्यात चार-पाच वेळा तरी बंद असतं. पैसे संपले, नेट गेलं, लाईट गेली. लोक उन्हाचे लांबनं येतात, आत जाऊन कार्ड घालून परत बाहेर येतात आणि मलाच बोलतात. म्हणून पुठ्ठ्यावर 'मशिन बंद आहे' लिहून दाराला अडकवतो. पुठ्ठा माझा, दोरी माझी. शेजारच्या गॅरेजमधल्या पोराकडनं खाली तेलुगूत पण लिहून घेतलंय. त्यानं नेमकं काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही, पण त्या बायका लांबनंच बघतात, हसतात आणि परत जातात.