फवारलं की झालं? नाही हो
कुणीतरी म्हणतं की प्लास्टिक खाणारे जिवाणू कचरा डेपोवर फवारले की काम झालं. इतकं सोपं नाही हो! जपानमधल्या साकाई शहरात सापडलेला 'इडिओनेला साकाइएन्सिस' हा जिवाणू (शोधनिबंध २०१६ चा) 'पेट' (PET, पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) खातो, पिशव्यांचं पॉलिथिन नाही. तेही पातळ फिल्म, ३० अंशांवर, सहाएक आठवडे लावून. बाटलीचं पेट स्फटिकी, म्हणजे रेणू घट्ट रचलेलं. तिथे त्याचं एन्झाइम (प्लास्टिक तोडणारं प्रथिन) अडखळतं.

खरी गंमत २०२० मधली. फ्रेंच संशोधकांनी पालापाचोळ्याच्या कंपोस्टमधून मिळालेलं दुसरंच एन्झाइम सुधारून १० तासांत ९० टक्के पेट तोडलं. मात्र आधी ते वितळवून, दळून घेतलं आणि तापमान ठेवलं ७२ अंश. डेपोवर हे सगळं कुठून आणायचं?