कोयनेच्या जंगलासाठी कोणता स्थलनिर्देशक नकाशा घ्यावा?

रानपाखरू: नमस्कार. डिसेंबरात वनखात्याची परवानगी काढून बामणोलीहून लाँचने वासोटा किल्ल्याला आणि तिथून नागेश्वरच्या गुहामंदिराला जाण्याचा बेत आहे. मोबाइलमधल्या नकाशावर त्या भागात हिरव्या रंगाखेरीज फारसे काही दिसत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशा-पत्रक घ्यावे, की समोच्च रेषा (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) दाखवणारे एखादे अ‍ॅप पुरेल? जाणकारांनी कृपया सुचवावे.

घाटमाथा: पत्रकच घ्यावे. जुन्या क्रमांकानुसार वासोटा आणि नागेश्वर ४७ जी/१० मध्ये येतात. प्रमाण १:५०,००० असल्याने नकाशावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. बहुतेक अ‍ॅपमधील समोच्च रेषा २००० साली अंतराळयानातून केलेल्या रडार-मोजणीवर आधारलेल्या असतात. त्या लहरी दाट झाडोऱ्यातून जमिनीपर्यंत नीट पोचत नसल्याने उंची थोडी जास्त येते, आणि वासोट्याजवळच्या बाबूकड्यासारखा सरळसोट कडा तीव्र उतारासारखा दिसतो. सोंड (डोंगराची खाली उतरत जाणारी धार) कुठे संपते आणि कडा कुठे सुरू होतो, हेच तर आपल्याला नकाशाकडून हवे असते.

जुनी वाट: वरील सल्ल्याशी सहमत आहे, मात्र जुनी आवृत्ती घेऊ नका. ती एव्हरेस्ट या जुन्या संदर्भपृष्ठावर (अक्षांश-रेखांश मोजण्यासाठी मानलेल्या पृथ्वीच्या आकारावर) आधारलेली आहे आणि मोबाइलचे जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या वेगळ्या संदर्भपृष्ठावर चालते, त्यामुळे तुमची जागा शंभराहून अधिक मीटर सरकलेली दिसते. जंगलात एवढ्या फरकाने घळ बदलते. विभागाच्या संकेतस्थळावर मिळणारी खुल्या मालिकेची (सर्वांना वापरता येणाऱ्या नकाशांची) पीडीएफ या दोषापासून मुक्त आहे, फक्त तिचे क्रमांक वेगळ्या पद्धतीचे आहेत. दुसरे असे की, समोच्च रेषांवर विश्वास ठेवा, तुटक रेषांच्या पाऊलवाटांवर नको. धरण आणि अभयारण्य यांमुळे कित्येक वस्त्या उठल्या. जाणारे-येणारे उरले नाहीत तिथे वाट कारवीच्या झुडपांनी गिळलेली असते. काळ्या रंगात दाखवलेले ओढे पावसाळ्यानंतर कोरडे पडतात, तेव्हा पाण्याचा हिशेब निळ्या रेषांवरूनच करावा.

रानपाखरू: मनःपूर्वक आभार. पीडीएफ घरच्या प्रिंटरवर ए-४ कागदावर छापली तर चालेल का?

जुनी वाट: चालेल, पण पूर्ण पत्रक एका कागदात बसवू नका, कारण तसे केल्यास प्रमाण बिघडते. हवा तेवढाच भाग शंभर टक्के आकारात छापा आणि नकाशावरील रेषाप्रमाण (अंतर दाखवणारी आखलेली रेषा) पट्टीने मोजून पाहा.