पंप बंद, कोपर दुखतंय (सोसायटी ग्रुप, जळगाव)

मनीषा वहिनी, बी-304: पंप परत बंद. बादल्या वाहून वाहून माझं उजवं कोपर कामातून गेलंय, आज चहाचं पातेलं हातातून सुटलं. कमिटीने बघावं ही विनंती 🙏

महाजन काका, सेक्रेटरी: मेकॅनिकला सांगितलंय. ज्यांचा मेंटेनन्स बाकी आहे त्यांनी आधी भरावा.

मनीषा वहिनी: आमचा भरलेला आहे काका. पावती टाकू का?

नितीन, ए-102: टेनिस एल्बो दिसतोय 😄 वहिनी टेनिस कधी खेळल्या?

रुपाली ताई, फिजिओ: भाऊ, हसू नका. न खेळणाऱ्यांनाच जास्त होतो तो. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला चिकटतात तिथलं टेंडन रोजच्या ताणाने खराब होतं. बादल्या, कपडे पिळणं, पापड लाटणं. वहिनी बोटांना मुंग्या येतात का? मग मान पण बघावी लागेल

मनीषा वहिनी: नाही, फक्त बाहेरच्या बाजूला दुखतं

पाटील आबा: स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्या. माझ्या साल्याला दोन दिवसात आराम पडला.

रुपाली ताई: आबा आराम पडतो पण टिकत नाही. 2013 चा ऑस्ट्रेलियातला अभ्यास आहे, स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी 54 टक्के लोकांचं दुखणं परत उलटलं, नुसतं सलाइनचं इंजेक्शन दिलं त्यांच्यात 12 टक्के

नितीन: आणि ए विंगच्या लाइटचं काय काका??

महाजन काका: एक एक विषय घ्या भो. बाकी मेंटेनन्स भरावा.

सुलभा काकू: मनीषा, रविवारी ज्वारीच्या बिबड्या-पापडांचा घट्ट घाटा हाटायला येणार होतीस ना गं

रुपाली ताई: काकू, यंदा तिला घाट्याला लावू नका, वाळवणावर बसवा. वहिनी, हात टेबलावर ठेवा, तळवा खाली, मनगट कडेच्या बाहेर. अर्ध्या लिटरची भरलेली बाटली धरा, डाव्या हाताने मनगट वर उचलून द्या आणि मग उजव्यानेच अगदी सावकाश खाली सोडा. थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशीपर्यंत ठणकलं तर बाटलीतलं पाणी कमी करा. वस्तू उचलताना तळवा वर ठेवा. पट्टा लावला तर कोपराच्या खाली दोन बोटं सोडून, दुखऱ्या जागेवर नाही. बरं व्हायला महिने लागतात, पण बहुतेकांचं वर्षभरात ऑपरेशनशिवाय बरं होतं

पाटील आबा: इंजेक्शनने आराम लवकर पडतो तरी.

मनीषा वहिनी: धन्यवाद ताई. पण बादल्यांचं काय?

नितीन: वहिनी दारात ठेवा, मी चढवतो

महाजन काका: मेकॅनिक चारला येतोय. गच्चीची चावी कोणाकडे आहे?