'सोशिक' ही स्तुती की शिवी?

दांडियाबाजार: मंडळाच्या अंकासाठी राम गणेश गडकरींच्या 'एकच प्याला' नाटकातल्या सिंधूवर, दारुड्या सुधाकरच्या बायकोवर, लिहितेय. गडकरी गेल्यावर महिन्याच्या आत, फेब्रुवारी १९१९ला, पहिला प्रयोग आपल्या बडोद्यात झाला, त्या निमित्ताने. 'नाटककाराने तिला सोशिक करून ठेवलंय' असं लिहिलं. सासूबाई म्हणाल्या, "ठेवलंय काय? सोशिक, म्हणूनच तर सिंधू!" मी केला आरोप, त्यांना वाटली स्तुती. दुसरा शब्द सुचवा.

मांडवीवाला: आधी ऱ्हस्व-दीर्घ बघा. 'सोसणे' मराठी, म्हणून 'सोशीक'. 'सामाजिक'मधला संस्कृत 'इक' प्रत्यय इथे नाही.

रावपुऱ्याचे आजोबा: माझ्या मते शब्द 'शोष'वरून आला. दुःख आतल्या आत शोषून घेते ती.

अकोटा: काका, नका हो! शोषणं वेगळं, सोसणं वेगळं. असंच जुळवायचं तर 'मुलाचा सोस'ही त्यातच घाला. (तोही बाईनेच सोसायचा म्हणा.) ताई, शब्द बदलू नका. पुरुष 'सहनशील' असतो, 'सोशिक' असतात बाई आणि बैल. ॲरिस्टॉटल सांगून गेलाय की शौर्य आणि हुशारी स्त्रीपात्राला शोभत नाही. मग शोकांतिकेत तिला उरतं काय? स्त्रीवादी समीक्षा नेमकं तिथेच बोट ठेवते.

मांडवीवाला: माझे वडील सोशीक होते. तीस वर्षं एकाच साहेबाखाली काढली. आणि युरिपिडीसच्या ग्रीक नाटकातली मेडिया, नवऱ्यावर सूड उगवणारी, इ.स.पू. ४३१? एकदा बाळंत होण्यापेक्षा तीनदा ढाल घेऊन रणात उभी राहीन, म्हणते. तिला म्हणा सोशीक!

अकोटा: नाहीच म्हणत, तिला 'कजाग' म्हणतात. मधला शब्दच नाही आपल्याकडे. आणि या दोघी रंगवल्या पुरुषांनी, तिकडे अथेन्समध्ये आणि इकडे बालगंधर्वांनी.

रावपुऱ्याचे आजोबा: बालगंधर्वांवर घसरू नका. सिंधूचं 'कशि या त्यजू पदाला' लागलं की आमची आई रडायची. वडील सुपारीसुद्धा खात नसत, तरी.

दांडियाबाजार: आजोबा, कोणी घसरत नाहीये. आत्ताच सासूबाईंना विचारलं, तुम्ही सोशिक का हो? "मी? मला कोणी म्हणून तर बघू दे!" आता सांगा काय लिहू, अंक उद्या छापायला जातोय.

मांडवीवाला: काहीही लिहा. शी दीर्घ.